बाजाराच्या दिवशी पाहिलेला रस्ता

जूनपासून माझ्या मुलीची शाळा बदलणार होती. नवी शाळा घरापासून पाच किलोमीटर, शहाद्याच्या बाहेर, मोठ्या रस्त्याला लागून. तिथे व्हॅनने जायचं की सायकलने, यावर आमच्या घरी हिवाळाभर वाद चालू होता. मुलगी अकरा वर्षांची. व्हॅनमध्ये कोंबून बसलं की तिला उलटी होते आणि सायकल तिला चांगली येते, हे तिचे दोन मुद्दे. तिच्या आईकडे एकच मुद्दा होता. ती दवाखान्यात परिचारिका आहे. रस्त्यावरून उचलून आणलेली माणसं तिने किती पाहिली आहेत ते ती घरी सांगत नाही, पण हेल्मेट घातल्याशिवाय मला दूध आणायलाही जाऊ देत नाही.

शेवटी तोड तिनेच काढली. "आजीच्या गावाला सायकलने जाऊन दाखवा, दोघं. नीट पोचलात तर शाळेचं बघू. वाटेत काही धोका झाला तर सायकल माळ्यावर. मग माझ्याशी बोलायचं नाही."

"तोरणमाळला जाऊ या ना त्यापेक्षा," मुलगी म्हणाली.

"आजी तोरणमाळला राहते का?"

आजी, म्हणजे माझी आई, ब्राह्मणपुरीच्या पुढे आमच्या गावी राहते. मोठ्या रस्त्याने गेलं तर वीसेक किलोमीटर. पण त्या रस्त्यावर मध्य प्रदेशातून गुजरातकडे जाणारे ट्रक रात्रंदिवस चालतात आणि रस्त्याच्या कडेला सायकलपुरतीही जागा नाही. मी स्वतः अकरावी-बारावीला तिथूनच सायकल मारली, पण तेव्हा ट्रक मोजके होते, आणि माझ्यावर लक्ष ठेवायला कोणाला वेळही नव्हता. आता रस्ता निवडायचा होता, आणि तो चुकला तर मुलीची शाळेची सायकल जाणार होती.

मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो. त्यामुळे हे काम मी जरा जास्तच गंभीरपणे घेतलं. मोबाइलवर नकाशा उघडून आतले सगळे रस्ते पाहिले. मग वहीत आखणी केली: कुठे वळायचं, पाणी कुठे मिळेल, सावली कुठे, पंक्चर काढणारा कोणत्या फाट्यावर. आतून गेलं की अंतर सव्वीस किलोमीटर होत होतं, पण मोठा रस्ता फक्त एकदा ओलांडावा लागत होता. गावी फोन करून आईला विचारलं, तो शेतांमधला रस्ता कसा आहे.

"चांगला शे भाऊ," आई म्हणाली. "डांबर व्हयेल शे. ये ना पोरले लई."

तरी माझं समाधान झालं नाही. एका मंगळवारी शाळेला सुटी होती. त्या दिवशी मी एकटाच तो सगळा रस्ता सायकलवर जाऊन आलो. सव्वीस किलोमीटरमध्ये मला दोन मोटारसायकली आणि एक शेळ्यांचा कळप भेटला. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये मध्ये केळी, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. एका पुलावर बसून मी शेंगदाणे खाल्ले आणि वहीत लिहिलं, "रहदारी नाही." खाली रेघ मारली. घरी येऊन बायकोला वही दाखवली. तिने सगळी पानं वाचली, असं ती सहसा करत नाही, आणि म्हणाली, "ठीक आहे. रविवारी जा. दहा वाजेपर्यंत फोन आला पाहिजे."

रविवारी उजाडताना निघालो. मुलगी पुढे, मी मागे. हे मीच ठरवलं होतं, म्हणजे ती सतत डोळ्यांसमोर राहील. पहिले बारा किलोमीटर फार सुरेख गेले. थंडी होती, तिची पाठ ताठ होती, आणि दर थोड्या वेळाने ती मागे न बघता विचारत होती, "बाबा, आहात ना?"

मग आम्ही ऊसपट्ट्यातल्या अरुंद रस्त्याला लागलो. रस्त्याची रुंदी एका ट्रॅक्टरपुरती, दोन्हीकडे पाटाच्या पाण्याची खोल चारी. वळणाच्या पलीकडून आधी गाण्याचा आवाज आला, मग खडखडाट. मी ओरडलो, "खाली उतर!" ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे एकाला एक जोडलेल्या दोन रिकाम्या ट्रॉल्या, भरधाव. मागची ट्रॉली खड्ड्यावरून उडत होती आणि उडाली की हातभर बाजूला सरकत होती. मुलगी सायकलसकट चारीत उतरली, म्हणजे खरं तर पडली. ट्रॉली निघून गेली तेव्हा ती गुडघाभर गवतात उभी होती आणि हँडल तिने सोडलेलं नव्हतं. चारी कोरडी होती म्हणून बरं. कोपर खरचटलं होतं. ती रडली नाही. पण तिचा चेहरा असा झाला होता की मी माझी वही पिशवीतल्या पिशवीत दाबून खाली सरकवली.

शंभर पावलांवर ऊसतोड चालू होती. आम्ही सायकली हातात धरून तिथपर्यंत चालत गेलो. बांधावर टोळीचा मुकादम उभा होता, डोक्याला मफलर. त्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सर, कथा चालनात पोरले लई?" मी शिक्षक आहे हे त्याला कसं कळलं ते मला माहीत नाही. बहुतेक शर्ट खोचलेला होता म्हणून.

"गावले. मायकडे."

"आज? या रस्ताघाई?" तो हसायला लागला. "आज काय बजार शे का?"

मला एकदम उमगलं. तो मंगळवार बाजाराचा दिवस होता. आमच्या भागात बाजाराच्या दिवशी मजूर कामाला जात नाहीत. त्या दिवशी तोडणी बंद, म्हणून ट्रॉल्या बंद, म्हणून रस्ता मोकळा. मी मोकळा रस्ता पाहिला होता, आणि तो आठवड्यातला एकच दिवस मोकळा असतो.

हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझी आई पस्तीस वर्षं लोकांच्या शेतात निंदणीला गेली. तिच्या त्या मजुरीवर मी बी.ए. झालो, घरातला पहिला. लहानपणी मला रविवार माहीत नव्हता, बाजारचा दिवस माहीत होता. त्या एका दिवशी आई घरी असायची, दुपारी बाजारातून यायची, आणि तिच्या पिशवीत कागदात बांधलेली शेव असायची. पुढे नोकरी लागली आणि माझी सुटी रविवारी झाली. त्याबरोबर बाजारचा दिवस माझ्या डोक्यातून निघून गेला होता, आणि तो गेलाय हे मला त्या बांधावर उभं राहीपर्यंत कळलंही नव्हतं.

मुलीने मात्र त्याला सरळ विचारलं, "अजून किती ट्रॉल्या यायच्या आहेत?"

मुकादम तिच्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसा बोलला. "आखो दोन खाली, रिकाम्या ट्रॉल्या येवावर शेतस. त्या येई जाऊ द्या, मंग दुपारलोंग रस्ता तुमना. आम्ही भरतस तवलोंग कोनी हालत नही. भरेल ट्रॉली हळू चालस. खालीना धाक धरो बेटा, ती माकडना मायक उड्या मारस."

एका तोडणाऱ्या बाईने उसाचं कांडकं सोलून मुलीच्या हातात दिलं. ती डोंगरातली असावी. आपसात त्या बायका भिलीत बोलत होत्या आणि मुलीच्या हेल्मेटकडे बघून हसत होत्या. एकीने ते मागून स्वतःच्या डोक्यावर ठेवून पाहिलं. सगळ्या जणी खूप हसल्या. मुलगीही हसली, कोपरावर पाणी ओतताना.

वीस मिनिटांनी एक ट्रॉली आली, तशीच उडत. मग बराच वेळ काही आलं नाही. मी घड्याळ पाहिलं, साडेनऊ. दहाला फोन करायचा होता आणि अजून अकरा किलोमीटर होते. रस्ता दोन्हीकडे रिकामा दिसत होता. मंगळवारी दिसला होता तसाच.

"चल," मी म्हणालो. "दुसरी बहुतेक दुसऱ्या शेतात गेली असेल."

"ते दोन म्हणाले होते."

"अगं, आई घरी फोनची वाट बघत असेल."

"बाबा, ते दोन म्हणाले." ती बांधावरून हलली नाही. उसाचा चोथा थुंकून तिने पुढचं कांडकं तोडलं.

शाळेत पोरं अशी अडली की मी आवाज चढवतो. त्या दिवशी मी सायकलला टेकून उभा राहिलो. पाच मिनिटं झाली असतील. मग वळणावरून गाणं ऐकू आलं. दुसरी ट्रॉली आली आणि आमच्यासमोरून धूळ उडवत शेतात वळली. ड्रायव्हरने हातही केला. आम्ही तेव्हा निघालो असतो तर ती आम्हाला बरोबर त्या वळणात भेटली असती, जिथे चारी सगळ्यात खोल आहे.

उरलेल्या अकरा किलोमीटरमध्ये एकही वाहन भेटलं नाही. मी मागून चालवत होतो, पण "बाबा, आहात ना?" असं तिने आता एकदाही विचारलं नाही. गावाच्या वेशीजवळ माझ्या लक्षात आलं की बायकोला काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करतोय. कोपर तर सायकल शिकतानाही खरचटतं. चारी कोरडी होती. धोका असा झालाच नाही.

आईने दारातच मुलीच्या कोपराला हळद लावली आणि मला म्हणाली, "बजारना दिन येवानं व्हतं ना. मजूर रविवारले बठतस का?"

"तू फोनवर सांगायचं ना."

"तू रस्ताच इचारा," ती म्हणाली. "दिन कोठे इचारा?"

साडेदहा वाजून गेले होते. मोबाइल माझ्या हातात होता, तेवढ्यात मुलीने तो घेतला. "मी बोलते." मी तिला काही खुणावलं नाही. खुणावायचं मनात आलं होतं, हे इथे लिहून ठेवतो.

"आई, पोचलो. उशीर झाला कारण आम्ही ट्रॉलीसाठी थांबलो. एक ट्रॉली आली तेव्हा मी चारीत पडले. कोपर खरचटलंय. हो, घाबरले. नाही, बाबांनी रस्ता बाजाराच्या दिवशी बघितला होता, म्हणून." मग ती बराच वेळ ऐकत होती. "मीच थांबवलं त्यांना," ती म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला.

मग बायको म्हणाली, "पडली ते तिने स्वतःहून सांगितलं?"

"हो."

"तुम्ही सांगितलं असतं का?"

"कोपरच खरचटलंय," मी म्हणालो. येताना सायकली टेम्पोत टाकून या, एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला. संध्याकाळी आम्ही टेम्पोतून आलो. सायकल माळ्यावर चढवायला मी शिडी आणावी की नाही, हे मला कळेना. सायकल रात्रभर पायऱ्यांखाली तशीच राहिली.

सोमवारी सकाळी पावणेसातला मला जाग आली तेव्हा घरात दोघी नव्हत्या. मी चपला घालून बाहेर पडलो. नव्या शाळेकडे जाणारा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो, त्या कोपऱ्यावर चहाच्या टपरीजवळ दोघी उभ्या होत्या. बायकोच्या अंगावर ड्यूटीचा पांढरा कोट होता. मुलीच्या हातात माझी आखणीची वही होती, कोऱ्या पानावर उघडलेली.

"किती?" बायकोने विचारलं.

"ट्रक चार. ट्रॉली एक, भरलेली. सात वाजता शाळेच्या बस चालू होतात."

"लिही. उद्याही यायचं. आठवडाभर."

मी जवळ गेलो तेव्हा मुलीने वही माझ्याकडे वळवली. तिने आधीच उभ्या रेघा मारून ठेवल्या होत्या. पहिल्या रकान्यात वार लिहिले होते, सोमवार ते शनिवार, आणि मंगळवाराभोवती गोल केला होता.