कासूच्या चुली आणि अनंता

अनंता गेल्याचा निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला, तेव्हा मी दाढी करत होतो. झोपेतच गेला. दम्याने वर्षभर छळलं होतं. खरं सांगतो, आधी हायसंच वाटलं... त्याच्यासाठी. पेणला त्याच्या घरी पोचलो तर वहिनीही म्हणाल्या, "सुटले हो, भावजी."

आम्ही दोघं गॅसच्या पाइपलाइनवर, एकाच शिफ्टला. दुरुस्तीआधी पाइपातला गॅस काढावा लागतो, आणि तो सरळ हवेत सोडून सगळे मोकळे व्हायचे. अनंताला ते बघवत नसे. "हवा म्हणजे काय आपला उकिरडा?" म्हणत साहेबांशी भांडायचा. मी त्याला हवेचा मामलेदार म्हणायचो.

एका वर्षी नेमका गौरीपूजनाच्या आदल्या दिवशी कासूजवळचा वॉल्व्ह गळू लागला. काम उद्यावर ढकलता येत होतं, परवावर नाही. आणि गॅस हवेत सोडायचा तर जवळच्या वस्तीत दिवसभर चूल पेटता कामा नये. हे सांगायला आम्ही गेलो. पहिल्याच दारात म्हातारी कडाडली, "उद्या गौर जेवायची हाय, सुनेचा पयला ओवसा हाय. निवद काय कच्च्या पिठाचा दावू?" मागे ती नवी सून, गौरीला ओवसायची सुपं हातात, डोळे भरलेले. मी नियम सांगत बसलो. अनंताने स्कूटरला किक मारली. "चल, रोह्याला."

रोह्याच्या एका कारखान्याचे बॉयलर आमच्याच गॅसवर चालत, पण सणासाठी बंद होते. अनंताचा हिशोब साधा होता. मागून लाइन बंद करायची, पाइपातला गॅस बॉयलरने जाळून संपवायचा, मग हवेत सोडायला उरेल तो चिमूटभर. पण बॉयलरवाल्यांच्या घरीही गौरी!

"आमची गौर उपाशी ठेवू काय?" एकजण म्हणाला.

"सकाळी लवकर ये, निवदाला घरी जा," अनंता म्हणाला. " तिकडं एका पोरीचा पयला ओवसा हाय रे..."

"येतो. पन दुपारचा थांबनार नाय."

दुसऱ्या दिवशी दाबाचा काटा हळूहळू खाली बसला. उरलासुरला गॅस नायट्रोजनने ढकलून काढला. अनंता मीटर धरून वस्तीपर्यंत चालत गेला, हवा तपासली, आणि तिथूनच ओरडला, "पेटव गो आजी, चूल!" माझा जीव भांड्यात पडला. नैवेद्य वेळेवर झाला.

गेल्या आठवड्यात पुन्हा दुरुस्ती निघाली. नव्या इंजिनिअरने आल्याआल्या रोह्याला फोन लावला, "बॉयलर चालू ठेवा, लाइन रिकामी करायचीय." हे कुणी शिकवलं, मी विचारलं. "शिकवायचं काय त्यात, काका? असंच करतात ना?"

मी बाहेर येऊन उभा राहिलो. फार बरं वाटलं... आणि अनंता गेल्यापासून पहिल्यांदाच मला रडू आलं.