पोपटाला कोणी शिकवलं?

आता ज्याला चॅटबॉट म्हणून मिरवतात, तसला एक मी बोळिंजला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात कितीतरी वर्षांपूर्वीच बसवला होता. हौस म्हणून नव्हे, वैतागून. बाबा दोन वर्षं सेक्रेटरी. मुंबईहून कामावरून येऊन चपला काढतात न काढतात तोच बेल वाजायची, "टँकर कधी येणार हो?" मी नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. म्हटलं, देऊ दे मशीनलाच उत्तरं.

सर्व्हर-बिर्व्हर आम्हाला कुठला परवडायला! एकाच फाईलमधला छोटासा डेटाबेस, त्यात दोन रकाने: प्रश्न आणि उत्तर. कोणी काही विचारलं की प्रोग्रॅम शब्द जुळवून फाईलमधलं उत्तर दाखवायचा. नाही सापडलं तर म्हणायचा, 'मला माहीत नाही. तुम्ही सांगा.' मग जो जे सांगेल ते जमा. लोकांनी त्याचं नाव पोपट ठेवलं. पोरंटोरं त्याला वाट्टेल ते शिकवायची, म्हणून दर रविवारी बाबा चष्मा लावून आठवड्याच्या नव्या नोंदी वाचायचे आणि कचरा काढून टाकायचे. घरात चार हाका मारल्या तरी ओ न देणारा माणूस, पण पोपटाचं अक्षर न् अक्षर वाचायचा.

त्या उन्हाळ्यात पाण्याची बोंब झाली. लोकांनी बोट दाखवायला नको म्हणून बाबांनी वॉचमनला बजावलं होतं, आमच्या घराचा व्हॉल्व्ह सगळ्यात शेवटी उघडायचा. तोवर गच्चीवरची टाकी रिकामी. आई खालच्या टाकीवरून बादल्या भरून चौथा मजला चढायची. बाबांच्या आंघोळीची बादली मात्र पहाटे भरलेली असायची. ती कुठून येते हे त्यांनी कधी विचारलं नाही.

एका शनिवारी टँकर आलाच नाही. संध्याकाळी ऑफिसासमोरच्या पार्किंगमध्ये तातडीची मीटिंग भरली. सगळे तापलेले. तळमजल्यावरचे एक काका ओरडले, "यांना काय विचारता? पोपटाला विचारा! मशीनला कोणाची भीड?" ऑफिसाच्या दारातूनच टेबलावरच्या कीबोर्डकडे हात घालून त्यांनी टाइप केलं, 'पाणी आधी कोणाला मिळतं?'

स्क्रीनवर आलं, 'सेक्रेटरीच्या घरी.'

"बघा! मशीन खोटं बोलेल होय?"

मग काय, आगीत तेलच. राजीनामा द्या, पोलिसात द्या, काय वाट्टेल ते. मी जीव तोडून सांगत होते, "अहो काका, हे कोणीतरी टाइप केलंय!"

"कोणी? सांग ना!"

कशी सांगणार? कोणी सांगितलं, हा रकाना फाईलमध्ये नव्हताच. बाबांनी आयुष्यात कधी कोणाचा फुकट चहा घेतला नव्हता, आणि माझ्या दीडदमडीच्या फाईलने त्यांना चोर ठरवलं होतं. बाबांनी खिशातून ऑफिसच्या किल्ल्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"मी शिकवलं त्याला," बायकांच्या मागून आवाज आला. आईचा.

सगळे वळले.

"खाली बादली भरायला गेले की तुम्हीच म्हणता ना, सेक्रेटरीणबाईंचं पिंप आधी भरतं, वर आणखी इथलंही नेतात?" आई बायकांकडे बघत म्हणाली. "तेच शिकवलं. आता वर चला आणि बघा माझं पिंप!"

दोघीतिघी खरंच वर गेल्या. त्या धापा टाकत खाली आल्या, आणि एक जण हळूच म्हणाली, "ठणठणीत कोरडं आहे हो." काकांनी टेबलावरच्या किल्ल्या उचलून बाबांच्या हातात परत दिल्या. सॉरी मात्र म्हणाले नाहीत, तसले नव्हतेच ते.

जिन्यात बाबांचा आवाज चढला, "चार माणसांत माझी अब्रू जायची वेळ आली! एवढं ऐकून घेत होतीस, तर मला सांगायचं होतंस!"

आई पायरीवरच थांबली.

"अहो, सांगितलं की. दोन वर्षं तुम्हाला घरातलं काही ऐकू येत नाही, म्हणून पोपटाला सांगितलं. उद्या रविवार. वाचणार होतात ना?"