टिचबटणवाले सर

गाठ या गोष्टीशी इतकं हाडवैर धरलेला माणूस अख्ख्या लोहारा तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले हे सर. बुटाला लेस नाही, पायजम्याला नाडी नाही, सदऱ्याला सगळी टिचबटणं. निवृत्तीनंतर त्यांना सुप्रामॉलिक्युलर पॉलिमरचं वेड लागलं आणि ते ऐकून घेणारा मी मराठीचा मास्तर एकटाच उरलो. त्यांचं म्हणणं असं, की प्लास्टिकच्या बादलीतले रेणू साखळीत पक्के शिवलेले असतात. साखळी तुटली की तुटली. या दुसऱ्या जातीत मात्र छोटे रेणू टिचबटणासारखे एकमेकांना नुसते लागलेले असतात. तापवलं की सुटतात, गार झालं की पुन्हा लागतात. "कापलं तरी टोकाला टोक लावून ठिवा, आपोआप जुळतंय! बादलीला जमंल का?"

सास्तूरच्या एका लग्नात तर त्यांनी कहरच केला. भटजी नवऱ्याच्या उपरण्याची नवरीच्या शालूशी गाठ मारत होते, तेवढ्यात सर खिशातून टिचबटणांची पुडी काढून पुढं. "गाठ कशाला मारताव? हे लावा. भांडून सुटलं तरी परत लागतंय!" नवरीच्या मामानं त्यांना दंडाला धरून पंगतीत नेऊन बसवलं. मीही पोट धरून हसलो. मग पाहिलं, तर सर जेवण लवकर संपू नये म्हणून एकेक घास पुरवून पुरवून खात होते. घरी वाढायला कुणी नव्हतं. पाच वर्षांपूर्वी शब्दाला शब्द वाढला, सर "जा" म्हणाले आणि त्यांच्या बाई बेंबळीला माहेरी निघून गेल्या. तेव्हापासून हा माणूस आपोआप जुळायची वाट बघत बसलेला. मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही.

परवा मी चिडलोच. "सर, टोकं जवळ कोणी आणायची?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "कुणीतरी आणावंच लागतंय. अन् लवकर. लई दिवस लांब ऱ्हायली, की ज्याच्या त्याच्या बाजूलाच लागून घेत्यात. मग धरत न्हाईत."

"मग जावा की बेंबळीला."

"तेचीच तर भीती वाटतीय."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सकाळच्या एसटीत बसवलं. संध्याकाळी स्टँडवर उतरले ते एकटेच.

"भेटल्या का?"

"भेटल्या. भावजयीला म्हणल्या, पाहुण्यांना चहा टाक." मग म्हणाले, "पण निघताना म्हणल्या, येत जावा. तुमी मराठीचे मास्तर, सांगा. हे पाहुण्याला म्हणत्यात का घरच्याला?"

"घरच्याला," मी म्हणालो. उत्तर चूक होतं, हे मला ठाऊक होतं. सर मात्र खुशीत मान हलवत घराकडे चालू लागले.