ओसरीवरचं इंजिन

लग्न होऊन मलकापूरला आले तेव्हा मला तिथलं बोलणंही धड कळत नव्हतं. माहेर कोकणात, शाळा चौथीतच सुटलेली. सासूबाई "मी करतो, मी बसतो" म्हणायच्या, तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसायची. बाईमाणूस आणि पुरुषासारखं बोलते! त्याही हसायच्या. "तुमच्याकडच्या बाया लई नाजूक बोलतात व," म्हणायच्या.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. मी निघायच्या आधीच, सातव्या महिन्यात, पोरगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. घरी पाठवताना दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं, हिला ऊब पाहिजे; अंग गार पडलं तर राहायची नाही. ते ऐकल्यापासून मी सारखी तिच्या तळव्यांना हात लावून बघायची. शेजारी पिंजाऱ्याचं घर होतं. तिथल्या बाईंना सगळी गल्ली खाला म्हणायची. खालांनी ताजा पिंजलेला कापूस दिला. सासूबाईंनी तो टोपलीत अंथरला आणि वर मोठा बल्ब टांगला. त्या बल्बखाली पोरगी तग धरून होती.

अशात ऐन थंडीत अवकाळी पाऊस आला, गारा पडल्या, विजेचे खांब आडवे झाले. लाईट लवकर येणार नाही असं कळलं. माझे यजमान जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांच्या ओळखीचा एक लाऊडस्पीकरवाला वरातीच्या रोषणाईसाठी वीज करायचं लहान इंजिन भाड्यानं द्यायचा. त्यानं ते हातगाडीवर घालून पाठवलं. निरोपही दिला, उघड्यावर ठेवा, भिंतीपासून लांब.

ठेवलंही अंगणातच. पण पाऊस पुन्हा लागला. भिजून कुणाला शॉक बसला तर, या भीतीनं यजमान आणि सासूबाईंनी ते ओसरीवर ओढलं. काळजी घेतली नाही असं कसं म्हणू? खाली कोरडं फळकूट घातलं, चूल विझवली, रॉकेलचा डबा परसात नेला, रेतीची बादली भरून ठेवली. पाऊस आत येऊ नये म्हणून ओसरीचे पोत्याचे पडदे सोडले. माझ्या खोलीच्या खिडकीत तर आधीच चिंध्या कोंबलेल्या होत्या, बाळंतिणीला हवा लागू नये म्हणून.

मी विचारलं, "आई, धूर नाही का व्हायचा?"

"धूर कोठी हाय याचा? डोये तरी चुरचुरून राह्यले का तुये? माह्या चुलीपेक्षा गरीब हाय हे."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. आम्ही चुलीच्या धुरावर वाढलेली माणसं. जो धूर डोळ्यांत जात नाही, त्याला आम्ही धूर म्हणतच नव्हतो.

यजमान कामावर गेले. सासूबाई घोंगडी घेऊन इंजिनापाशी बसल्या. "बंद पडलं तं मले समजलं पाह्यजे. मी बसतो इथं."

दुपारी माझं डोकं ठणकायला लागलं, मळमळलं. हाक मारली तर सासूबाई दारात आल्या, त्यांचाही चेहरा उतरलेला. "माह्यंही डोस्कं धरलं. नजर लागली व आपल्याले. काल किती बाया पाहून गेल्या पोरीले!" त्यांनी मीठ-मोहऱ्या माझ्यावरून आणि पोरीवरून ओवाळल्या, आणि जाताना दार घट्ट ओढून घेतलं. आता कुणी आत डोकवायला नको म्हणून.

खाला माझ्यासाठी हरीरा घेऊन आल्या, त्यांच्यात बाळंतिणीला देतात तो. त्यांनी पडदा उचलला आणि त्यांची किंकाळीच मी ऐकली. "अरे काऊन बंद केलं हे सारं? बहेन! ओ बहेन!" मग इंजिनाचा आवाज थांबला. पोती फाडल्याचा आवाज आला, दार धाडकन उघडलं. "चल बाहर! बच्ची मेरे पास दे!" माझे पाय उचलत नव्हते. त्यांनी एका हातानं पोरगी घेतली, दुसऱ्या हातानं मला ओढत अंगणात आणलं.

गल्लीतल्या लोकांनी सासूबाईंना बाजेवर घालून दवाखान्याकडे नेलं. त्यांचे गाल लाल दिसत होते. मला वाटलं, चेहऱ्यावर रक्त आहे, म्हणजे बऱ्या आहेत.

मग मला टोपलीची आठवण झाली. "खाला, दिवा गेला! ती गार पडेल!"

खाला त्यांच्या घरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. पोरीची दुपटी सोडून त्यांनी तिला आपल्या उघड्या छातीशी धरलं होतं, वरून गोधडी. "दिया काहे को? मेरा अंग गरम है ना? मेरे दोनों ऐसेच बडे हुए."

सासूबाई संध्याकाळी परत आल्या, त्याच बाजेवर.

पोरगी पुढे खालांच्या, त्यांच्या सुनेच्या आणि माझ्या अंगावर वाढली. हात बदलत, एकीकडून दुसरीकडे. सुतकाच्या दिवसांत यजमानांनी खालांना एकदाच विचारलं, "म्हणजे पोरीला इंजिन लागतच नव्हतं?"

"किसे मालूम था, बेटा," खाला म्हणाल्या, आणि डोळे पुसत पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

इंजिन न्यायला लाऊडस्पीकरवाला आला तेव्हा ओसरीवर उभा राहून रडला. तो म्हणाला, याच्या धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकालाही कळत नाही; हे खोलीचं दार लागलेलं होतं म्हणून तुम्ही दोघी वाचलात. मी त्या दाराकडे बघत राहिले. नजर लागू नये म्हणून ओढलेलं दार. आम्ही दोघी आत, आणि त्या बाहेर.

खालांचे उपकार फेडायचे कसे ते मला कधीच कळलं नाही, सासूबाईंचे तर नाहीच. एवढंच करते. लाईट गेली आणि गल्लीत कुठं इंजिनाचा आवाज आला की उठून त्या घरी जाते. ओळख असो नसो, विचारते, कुठं ठेवलंय? दारं-खिडक्यांपासून लांब आहे ना?

"हाव आजी, बाहेरच हाय," ते हसत सांगतात. "काऊन एवढ्या भेता?"

मी तरी घराला वळसा घालून बघून येते.