चिंचोक्यांच्या दोन वाट्या

उत्तर सापडल्याशिवाय उठायचे नाही असा नियम ज्या मंडळात असतो, तिथे उत्तरे थोडी जमतात आणि किस्से फार. आमचे तसेच झाले आहे. जानेफळला शोभाच्या खानावळीत दर रविवारी दुपारी, जेवणाऱ्यांची वर्दळ ओसरली की आम्ही गणिताला बसतो. विषय बहुधा संभाव्यता, नाही तर कोणाच्या तरी धंद्यातली अडचण. घरी परतल्यावर सून विचारते, "आज काय झालं गणितात?" मी सिद्धांत सांगायला आरंभ करते आणि अर्ध्या वाटेत किस्साच सांगून बसते. म्हणून ते एकदा नीट, क्रमाने लिहून काढते आहे.

मंडळी अशी. देवराव गुरुजी अध्यक्ष. गावच्या शाळेत गणित शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. प्रल्हादभाऊ भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी चालवतात. गोपाल इंजिनीअर आहे, ठिबकच्या नळ्या विकतो आणि लॅपटॉप उघडल्याशिवाय मत देत नाही. शोभा खानावळीची मालकीण. ती भांडी आवरता आवरता आतूनच चर्चेत भाग घेते. मी जुनी मॅट्रिक. सगळे मला काकू म्हणतात. पंचाचे काम माझ्याकडे आहे, कारण मी कोणाला सवलत देत नाही.

*

आमच्याकडे 'शंभर टक्के' हा शब्द फार स्वस्त आहे. एका रविवारी प्रल्हादभाऊंना मेहकरला जायचे होते. "तीनची एसटी शंभर टक्के येते!" असे म्हणून ते चर्चेतून उठले. सगळे आटोपून आम्ही बाहेर पडलो तेव्हा ते फाट्यावर, पिशवी या हातातून त्या हातात घेत उभेच होते.

"काय भाऊ," गोपालने विचारले, "हे शंभर टक्के किती वाजता येतात?"

पुढच्या रविवारी मी घरून चिंचोके नेले, शोभाकडून दोन वाट्या मागून घेतल्या आणि नियम घातला. प्रत्येकाला दहा चिंचोके. एखादी गोष्ट होईल असे जितके वाटते तितके 'हो'च्या वाटीत टाकावेत, उरलेले 'नाही'च्या. मात्र दहाच्या दहा एकाच वाटीत टाकायचे नाहीत. दुसऱ्या वाटीत काहीतरी पडलेच पाहिजे.

प्रल्हादभाऊ दुखावले. "म्हंजे काकू, माणसानं भरवसा ठेवाच नाही का कशावर?"

"ठेवावा की. नऊ चिंचोक्यांचा ठेवावा."

तेव्हापासून गाव आम्हाला चिंचोके मंडळ म्हणते. हे नाव मला पसंत नाही, पण ते चुकीचे आहे असे म्हणता येत नाही.

*

नाणेफेकीचा धडा गुरुजींनी मोठ्या तयारीने घेतला. नाणे उडाले, छापा. पुन्हा छापा. तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदाही छापाच. पुढच्या फेकीआधी प्रल्हादभाऊंनी नऊ चिंचोके काट्यावर लावले.

"भाऊ, असे करू नका," गुरुजी म्हणाले. "मागे काय पडले ते नाण्याला आठवत नसते."

"नाण्याले नसन आठवत, गुरुजी, पण मले आठवते ना!"

या युक्तिवादावर गुरुजी इतके चिडले की पुढची फेक जरुरीपेक्षा उंच गेली. नाणे पंख्याला लागले आणि थेट उरलेल्या वरणाच्या पातेल्यात पडले. गुरुजी पळी घेऊन वाकले. छापा की काटा हे पाहिल्याशिवाय प्रयोग पूर्ण होत नाही, असे त्यांचे म्हणणे.

"हात नका लावू!" शोभा आतून ओरडली. "थे संध्याकाळचं वरण हाये! कोणाच्या ताटात नाणं गेलं तं माह्यं नाव बुडन, आन् थे मात्र शंभर टक्के!"

मी तो शब्द तेवढ्यापुरता चालू दिला. वरण मात्र टाकायला लावले.

*

जन्मदिवसांचा सिद्धांत फार सुंदर आहे. कोठलीही तेवीस माणसे एकत्र असली तर त्यांतल्या कोणा दोघांचा जन्मदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक असते. गोपालचा यावर विश्वास बसेना. त्या दिवशी जेवणारे बरेच रेंगाळले होते, तेव्हा गुरुजी म्हणाले, "प्रत्यक्षच पाहू. वर्षातल्या कोणत्याही दिवशी जन्म होण्याची शक्यता सारखी, हे आपले गृहीत."

पहिल्या टेबलावरच्या गृहस्थांना विचारले. "एक जून."

त्यांच्या शेजारच्यांना विचारले. "एक जून."

पलीकडे हात धूत असलेल्यांनी तिथूनच सांगितले, "एक जून, गुरुजी!"

"तिघांतच जमलं!" गोपाल उभाच राहिला. "लई पावरफुल सिद्धांत हाये बे हा!"

गुरुजींचा चेहरा मात्र उतरला. हात धुणारे गृहस्थ पंच्याला हात पुसत जवळ आले. "गुरुजी, शाळेत नाव घालाले आलो तवा माह्या बापानं तं 'पोरगं हुरड्याच्या दिवसांत झालं' एवढंच सांगतलं होतं. एक जून तुम्हीच टाकली ना! आमच्या अख्ख्या वर्गाची टाकली!"

गृहीत चुकले की उत्तर फार लवकर मिळते, एवढे मी त्या दिवशी बोलून दाखवले. गुरुजींची स्वतःची जन्मतारीख मी विचारली नाही. ती मला ठाऊक आहे.

*

मग शोभाने आपलीच अडचण मांडली, आणि मंडळाला पहिल्यांदा खरे काम मिळाले.

तिच्या खानावळीत मोजकीच टेबले. बाजाराच्या दिवशी माणसे दारात ताटकळतात, एरवी दुपारी माशा वारत बसावे लागते. शेजारची शिंप्याची खोली रिकामी झाली होती. मधली भिंत घरमालकाचीच. तिथे दार पाडून द्यायला तो तयार होता. पण महिनाअखेरपर्यंत शोभाने हो म्हटले नाही तर खोली मेहकरच्या एका खानावळवाल्याला जाणार होती. म्हणजे भिंतीला भिंत लावून दुसरी खानावळ! बरे, घ्यावी आणि गिऱ्हाईक वाढले नाही, तर वाढीव भाड्यापायी आहे ती खानावळही बंद करावी लागणार.

"मले एवढंच सांगा," ती म्हणाली, "घेऊ का नोको?"

गोपालने लॅपटॉप उघडला. "पहिले सरासरी काढू. ताई, गर्दीच्या दिवशी ऐंशी ताटं, मंद्या दिवशी चाळीस. सरासरी साठ. तुम्ही रोज साठाचाच सयपाक करा, खोलीची गरजच नाही."

शोभाने पदर खोचला. "हाव. म्हंजे एक दिवस वीस माणसं उपाशी जातीन, आन् दुसऱ्या दिवशी वीस ताटं गाईले घालीन. सरासरीनं सगळे जेवले!"

लॅपटॉप मिटला.

*

नुसत्या अंदाजावर बोलायचे नाही, असे ठरले. रोज एकाने दुपारी खानावळीत बसावे आणि जेवणारे मोजावेत. खानावळीत टेबल अडवून न जेवता बसणे मला शिष्टाचाराला धरून वाटले नाही, आणि मी तसे सांगितले. तेव्हा मोजणाऱ्याने जेवावे, असेही ठरले.

काम मनापासून झाले. गोपाल सोबतीला ठिबकचे दोन ग्राहक आणू लागला. प्रल्हादभाऊ रोपे न्यायला आलेल्या शेतकऱ्यांना "चला, साक्षीदार पायजेत" म्हणून घेऊन येत. गुरुजी एकदा पत्नीला घेऊन आले. बाईंना ठेचा इतका आवडला की नंतर त्या गुरुजींना घेऊन येऊ लागल्या.

गोपालचा ग्राफ रविवारी सगळ्यांनी पाहिला. रेघ डाव्या कोपऱ्यातून निघाली होती आणि वर, वर चालली होती.

"घे, शोभा! शंभर टक्के घे!" प्रल्हादभाऊ ओरडले. मी त्यांच्याकडे पाहिले. "म्हंजे नऊ चिंचोके घे!"

पण मला त्या रेघेचा उत्साह खटकत होता. मी विचारले, "गोपाल, हे आकडे आपल्याला धरून आहेत की सोडून?"

गोपालने पडद्यावरच्या आकड्यांवरून बोट फिरवले. "धरून, काकू."

"आणि आपल्याबरोबर आलेल्यांना?"

"त्यायलेबी धरून."

माझ्यासकट सगळी मंडळी आणि मंडळींची माणसे वजा केली, तेव्हा रेघ आडवी झोपली. त्यात गुरुजींनी आणखी एक शंका काढली. "बाजाराच्या दिवशी जागा नाही म्हणून दारातून परत गेले, ते कोणी मोजले का?"

"थे कसे मोजनार?" प्रल्हादभाऊ हळूच म्हणाले. "त्यायच्या जागेवर तं आपणच बसून जेवून राह्यलो होतो!"

म्हणजे आम्ही किती वाढवले आणि किती घालवले, दोन्ही अज्ञात! एका समीकरणात दोन अज्ञाते असली तर पुढे जाता येत नाही, हे मला मॅट्रिकलाच शिकवले होते.

"मग एवढ्या दिवसांत आपल्याला खात्रीने काय कळले?" मी विचारले.

गुरुजींनी प्रामाणिकपणे विचार केला. "शोभाच्या ठेच्याला तोड नाही."

*

महिन्याचा शेवटचा दिवस नेमका रविवारी आला. शोभाला खरे सांगणे भाग होते. ती समोर येऊन बसली तेव्हा पंच म्हणून मीच सांगितले. "शोभा, आमची मोजणी व्यर्थ आहे. आम्ही आम्हालाच मोजले."

"मले ठाऊक हाये, काकू."

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. तुमची ताटं मीच तं वाढून राह्यली होती!"

"मग बोलली काऊन नाहीस, बाई?" प्रल्हादभाऊंनी कपाळाला हात लावला.

"बोलली असती तं तुम्ही दुसऱ्या दिवशी जेवाले आले असते का?"

गोपाल इतका हसला की त्याला पाणी द्यावे लागले. पण प्रश्न तसाच उभा होता, आणि घरमालकाची मुदत त्याच दिवशी संपत होती. गुरुजी म्हणाले, "आकडे नाहीत, तर निदान प्रत्येकाने आपले मत प्रामाणिकपणे द्यावे." मी वाट्या मांडल्या. प्रश्न नीट उच्चारला: शोभाने खोली घेतली, तर वाढलेली खानावळ चालेल का?

गुरुजींनी बराच वेळ घेतला. चार 'हो', सहा 'नाही'. गोपालने मान खाली घालून तीन आणि सात टाकले. जन्मभर शंभर टक्के बोलणाऱ्या प्रल्हादभाऊंच्या हातातून सहा इकडे आणि चार तिकडे पडले, आणि ते दुसरीकडे पाहू लागले. मी पाच-पाच टाकले. याहून अधिक मला ठाऊक नव्हते, आणि शोभाचे मन राखण्यासाठी एखादा चिंचोका इकडचा तिकडे करणे मला पटले नाही.

'नाही'ची वाटी जड झाली होती. बावीस विरुद्ध अठरा.

शोभाने दोन्ही वाट्यांकडे पाहिले. मग आपले दहा चिंचोके मुठीत घेतले आणि मूठ 'हो'च्या वाटीत रिकामी केली.

"शोभा, नियम," मी म्हणाले. "दुसऱ्या वाटीत काहीतरी पडलेच पाहिजे."

"पडते ना, काकू." तिने कमरेची किल्ली सोडली आणि 'नाही'च्या वाटीत टाकली. किल्ली कोरी होती, तिला लाल दोरा बांधलेला होता. "घ्या. बाजूच्या खोलीची हाये. सकाळीच नवं कुलूप लावून आली."

गुरुजींनी चष्मा पुसला, वाटीवर वाकले आणि अतिशय गंभीरपणे विचारले, "हिचे किती चिंचोके धरायचे?"

शोभा तोवर उठून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती.

"गुरुजी, थे राहू द्या आता," ती म्हणाली. "टेबलाचं थे टोक धरा. तिकडं न्यायचं हाये."