नाजमीनच्या नावावर

दुपारची भांडी आवरली की पुष्पाबाई ओट्याला पाठ टेकून खालीच बसत आणि वांग्यांना पाणी घालत. खरी वांगी नव्हेत. जळगावातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात कुंडीतली तुळस सोडली तर हिरवं काही नव्हतं. ही वांगी मोबाइलवरच्या 'आपली वस्ती' नावाच्या खेळातली. पुष्पाबाई सुनेच्या, सारिकाच्या, बाळंतपणाला पुण्याला गेल्या होत्या, तेव्हा मुलानं, चंदननं, "आई, तुझा वेळ जाईल," म्हणून तो खेळ त्यांच्या मोबाइलवर घालून दिला होता. पुढे सारिकाच्या आईनं नातवाचा ताबा घेतला आणि पुष्पाबाई परत आल्या. येताना खेळ तेवढा सोबत आला.

खेळ साधाच होता. ठिकठिकाणची माणसं मिळून एक वस्ती करायची. प्रत्येकाला एक जागा, तिच्यावर घर, मागे परसबाग. पिकेल ते एकमेकांना द्यायचं, कोणी आलं नाही तर त्याच्या रोपांना पाणी घालायचं आणि लिहून गप्पा मारायच्या. फोन नंबर मात्र देता येत नसे. कोणी लिहिलाच, तर आकड्यांच्या जागी फुल्या उमटत.

पुष्पाबाईंच्या शेजारची जागा नाजमीनची होती. धुळ्याला एका बेकरीच्या वरच्या खोलीत राहून ती ब्लाउज शिवायची. पस्तिशीची असेल. रोज तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "अक्का, जेवल्या का?"

'जेवायला काय केलं' असं विचारणारं माणूस पुष्पाबाईंच्या घरात होतं. लीलाधरभाऊ एसटीतून निवृत्त झाले आणि टीव्हीसमोर बसले, ते बसलेच. माणूस वाईट नव्हता. चहा टाक, वाढ, दिवा घालव, एवढ्यात त्यांचा दिवस उरकायचा. भांडायलासुद्धा समोर कोणी लागतं. तू जेवलीस का, हे मात्र त्या घरात कोणी विचारत नसे. म्हणून त्या मुद्दाम जेवण लांबवत आणि नाजमीनला लिहीत, "नाही गं, आता बसते."

"बसा आधी. वांगी कुठे पळून नाही जात," ती दटावायची.

मग एक दिवस खेळात सूचना आली. वस्ती आता ब्लॉकचेनवर जाणार. पुष्पाबाईंनी चंदनला फोन लावला.

"म्हणजे काय रे?"

"आई, मी मीटिंगमधे आहे. म्हणजे असं बघ, कोणाचं काय आहे ते हजारो कॉम्प्युटरवर एकदमच लिहिलं जातं. मग कंपनीलाही खोडता येत नाही. तुझी वांगी ती तुझीच."

"माझीच आहेत की."

"नाहीत. आत्ता ती कंपनीची आहेत. ठेवतो."

नाजमीन खुशीत होती. "अक्का, आधीचा माझा खेळ कंपनीनं बंद केला होता. चार वर्षं बाग लावली होती मी. सकाळी उघडलं तर काहीच नाही. कोणाला विचारणार? आता तसं नाही होणार."

"खेळात पण सातबारा आणता का गं?" पुष्पाबाईंनी लिहिलं.

"आणू द्या की! राहती खोली नवऱ्याच्या नावावर, मशीन सासूचं. माझ्या नावावर निदान एक पेरूचं झाड तर लागेल."

"नावं लागली की माणसं तुटतात, नाजमीन. आज मी तुझ्या अंगणात न विचारता येते. उद्या फाटक लावशील."

"फाटक लावणारी दिसते का मी तुम्हाला?"

"आता नाही दिसत. नावावर झालं की सगळेच लावतात."

त्यावर उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. नाजमीन येऊन आपल्या झाडांना पाणी घालून गेली, शेजारच्या वांग्यांनाही घातलं, पण जेवल्या का म्हणून विचारलं नाही. पुष्पाबाईंना ताटावरून उठावंसं वाटलं. उगाच बोललो आपण. पोरीचं मन मोडलं आणि हातातलं एक माणूस घालवलं.

माणूस राखायचं कसं, हे त्यांना एकाच रीतीनं ठाऊक होतं. वडील गेल्यावर हिलाल, धाकटा भाऊ, त्यांना चोपड्याच्या कचेरीत घेऊन गेला होता. हक्कसोडाच्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली. बहिणीनं हिस्सा सोडला की माहेर राहतं, म्हणून आईनं, मावशीनं, सगळ्याच बायकांनी तसंच केलेलं. वहिनीनं त्या दिवशी खापरावर मांडे केले, नवं लुगडं नेसवलं. पुढे काही वर्षं आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, हिलाल माहेरी न्यायला यायचा. आता आखाजीला त्याचं मोबाइलवर आंब्याचं चित्र येतं. पण पुष्पाबाईंच्या मते त्यात सहीचा दोष नव्हता. वहिनीचा होता.

खेळानं विचारलं, तुमची जागा, घर, झाडं कोणाच्या नावावर करायची? त्यांनी लिहिलं, नाजमीन. जागा, घर, विहीर, वांगी, सगळं. खाली बारीक इंग्रजीत बरंच काही होतं. नक्की का, असं खेळानं पुन्हा विचारलं. त्यांनी नक्की म्हटलं. उद्या ती बघेल, म्हणेल, अक्का, वेड्या आहात का? आपण म्हणू, अगं, दोघींचं एकच. आणि तिच्या अंगणात जाऊन बसू, रोजच्यासारखं. त्या दिवशी त्यांनी मांडे नाही, पण शेवभाजी केली.

"आज काय शे?" लीलाधरभाऊंनी पहिला घास घेऊन विचारलं.

"काही नाही. मन झालं."

दुसऱ्या दिवशी वस्ती उघडली, पण पुष्पाबाईंची खेळातली बाई तिच्यात नव्हती. हिरवं लुगडं, अंबाडा, हातात झारी, कुठेच नाही. वर पट्टी होती, तुम्ही पाहुणे आहात. वस्ती वरून बघता येत होती, घारीसारखी. बोट लावलं तर झाड हलत नव्हतं. लिहायची जागाच गायब होती.

चंदननं संध्याकाळी फोनवर सगळं ऐकून घेतलं. "ज्याच्या नावावर जागा नाही त्याला आत जाता येत नाही, आई. खाली लिहिलं होतं."

"मग परत माझ्या नावावर कर म्हणावं."

"कंपनीला ते फिरवता येत नाही. तेच तर ब्लॉकचेन. तिनं दिली तर होईल, पण तुझं खातंच बंद झालंय. नवं खातं काढून त्याच वस्तीत जायचं, तर तिथली जागा कोणीतरी विकायला काढायला हवी."

"तिला सांग ना कोणीतरी."

"कोणाला? तिचं आडनाव माहीत आहे?"

नव्हतं. धुळ्यात बेकऱ्या किती असतील? आणि जाऊन तरी काय म्हणायचं, खेळातली अक्का आली? लीलाधरभाऊंना काय सांगून निघायचं?

आता भांडी आवरली की त्या वरून वस्ती बघतात. निळ्या ओढणीतली नाजमीन दोन्ही अंगणांत पाणी घालते. वांगी छान धरली आहेत. सुरुवातीला ती पुष्पाबाईंच्या दाराशी नुसती उभी राहायची. पाहुणे कोण आले ते तिला दिसत नाही. नव्या खेळात दारावर पाटी लावता येते, तशी एक पाटी तिनं आठवडाभरानं लावली. पुष्पाबाईंनी चष्मा पुसून ती वाचली.

'अक्का, माझ्यावर रागावून गेल्या का? लोक तुमची जागा विकत मागतात. मी कोणालाच देणार नाही. तुमच्यासाठी ठेवली आहे.'

त्यांनी पाटीवर बोट ठेवलं. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं, जोरात, काचेवर नख वाजेल इतकं.

"विकून टाक गं," त्या मोबाइलला म्हणाल्या. "विकायला काढ एकदा."

"कोणाशी बोलून राहिली?" बाहेरून लीलाधरभाऊंनी टीव्हीचा आवाज जरा कमी केला.

"कोणाशी नाही."

त्यांनी आवाज पुन्हा वाढवला.