पलंगाच्या सुट्टीचा दिवस

डिसेंबरातली सकाळ होती. धुक्यामुळे बँकेतला अर्धा स्टाफ उशिरा आलेला, आणि मॅनेजरसाहेबांच्या केबिनमधून हाक आली, "कुंदाजी, आपका फोन है, सरोजिनी नगर से." पलीकडे भावजी होते, माझ्या बहिणीचे यजमान. "कुंदा, सुमन गेली. साडेसातला." मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढचं वाक्य जोडलं, "पाठ शेवटपर्यंत स्वच्छ होती. एक डाग नाही." मी म्हटलं, "बरं." सख्खी बहीण गेल्याचं ऐकून कुणी "बरं" म्हणतं का? मी म्हटलं... आणि रिसीव्हर ठेवून दोन गिऱ्हाइकांची पासबुकंही भरून दिली. याला आता सहा आठवडे होतील. त्या "बरं"ची मला अजून लाज वाटते आणि भावजींच्या त्या वाक्याचा राग अजून उतरलेला नाही. हे मी रागातच लिहिते आहे. कुणाला यात श्रद्धांजली दिसलीच, तर तो वाचणाऱ्याचा चांगुलपणा.

सुमनताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. अमरावतीला आम्ही एका खोलीत वाढलो, आणि तिच्या जिभेचे फटके खातच मी शहाणी झाले. लग्न होऊन ती लखनौला आली ती एका सरकारी कारखान्यातल्या टूलरूमच्या फोरमनच्या घरी. आल्या आल्या वर्षभरात तिनं भाजीवाल्याशी इतकं अदबशीर हिंदी बोलायला सुरुवात केली, की तो बिचारा भाव करायचंच विसरे. पण घरात मात्र अस्सल वऱ्हाडी कजागपणा. पुढे माझीही बदली लखनौला झाली, मी आलमबागेत खोली घेतली, आणि रविवार म्हटला की शेअर टेम्पोनं सरोजिनी नगरला ताईकडे हे ठरून गेलं. "आली का फुकटी?" असं म्हणत ती दार उघडायची. चहा मात्र आधीच टाकलेला असायचा. असे आम्हाला दोनच हिवाळे मिळाले.

मग जुन्या चौक बाजारातून चिकनच्या भरतकामाची मोतिया साडी घेऊन येताना तिची रिक्षा उलटली. खरचटलंसुद्धा नाही फारसं, साडीचं पुडकंही तसंच बांधलेलं राहिलं, फक्त मान मोडली. मानेखालचं सगळं शरीर गेलं. खांद्यांपर्यंत कळायचं, त्याच्या खाली काही नाही. हॉस्पिटलात तिसऱ्या आठवड्यात कमरेखाली जखम झाली. आधी लाल चट्टा, मग तळहाताएवढा खड्डा. तिला ती दुखत नव्हती, तिला फक्त वास यायचा. ड्रेसिंग करताना तिथल्या तरुण डॉक्टरनं भावजींना सगळ्यांदेखत विचारलं, "आप लोग पलटते नहीं हैं क्या इन्हें?" ज्या माणसाच्या हातून वीस वर्षांत एक पार्ट रिजेक्ट झाला नव्हता, त्याला हे ऐकावं लागलं. भावजी घरी गेले, कागद घेतला आणि पलंग काढायला बसले. बायकोवर प्रेम होतं म्हणून बसले, हे मी मान्य करते. पण तो डॉक्टरही त्यांच्या डोक्यातून कधी गेला नाही.

पलंग तयार व्हायला पाच महिने लागले. लोखंडी चौकट, तिच्यावर आडव्या लाकडी पट्ट्या, प्रत्येकीवर फोम आणि रेक्झिन. एक सोडून एक पट्ट्या एका दांड्याला जोडलेल्या, उरलेल्या दुसऱ्या दांड्याला. मोटर फिरली की अर्ध्या पट्ट्या दोन बोटं वर यायच्या आणि अर्ध्या खाली जायच्या, दहा मिनिटांनी उलट. म्हणजे अंगाचा कुठलाच भाग एका जागी फार वेळ दाबला जात नसे. वीज गेली तर ट्रकची बॅटरी. बॅटरी उतरली तर पायथ्याशी हँडल, ते त्यांची मुलगी मीनू अभ्यास करता करता फिरवायची. पाठ पुसायची तर दोन पट्ट्या सरकवून खालून हात घालायचा. बेडपॅनची सोयही तशीच, खालून. बाजूला भरीव फळ्यांचे कठडे, चांगले उंच, ती घसरू नये म्हणून. तिला कूस द्यायची गरज उरली नाही, उचलायची उरली नाही. जुनी जखम भरली आणि नवीन झाली नाही. एका माणसानं घरच्या व्हरांड्यात हे करून दाखवलं, याबद्दल भावजींना मानलं पाहिजे. मीही मानत होते. सगळ्यांत मोठ्यानं मीच मानत होते.

लोक पलंग बघायला यायला लागले. महाराष्ट्र मंडळातली मंडळी, कारखान्यातले साहेब, कुणाकुणाचे अंथरुणाला खिळलेल्यांचे नातेवाईक. ताईला बघायला म्हणून यायचे आणि पाच मिनिटांत सगळे खाली वाकलेले असायचे. भावजी दोन पट्ट्या काढत, दाढीचा आरसा खालून धरत आणि म्हणत, "देखिए, एक निशान नहीं." परक्या पुरुषांनी माझ्या बहिणीची उघडी पाठ आरशात पाहिली आणि "वाह, कमाल है" म्हटलं. ती वर छताकडे बघत पडलेली. एकदा एका साहेबाला ती म्हणाली, "ताली भी बजा दीजिए, पीठ को सुनाई देता है." साहेब हसला. त्याला विनोदच वाटला. पलंगाला ती सवत म्हणायची. "काय करतेय म्हणून काय विचारतेस? सवतीच्या मांडीवर पडलेय. ती हलवते, मी हलते. तुझे भावजी तिला तेल घालतात, मला गोळ्या घालतात." मी हसायची. इतकं बरं बोलतेय म्हणजे मजेत आहे, असं माझं गणित होतं.

वर्षातून एक दिवस मात्र पलंग बंद असे. कारखान्यात विश्वकर्मा पूजा सप्टेंबरात व्हायची. पण घरी भावजी आपली खंडेनवमीच पाळायचे. स्क्रू-ड्रायव्हरपासून शिवणाच्या मशीनपर्यंत सगळं पुजायचं, आणि पुजलेलं यंत्र दसऱ्याच्या सकाळपर्यंत चालवायचं नाही. पलंगही यंत्रच. त्या दिवशी ताईला बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर आणायचे, पलंग उघडून साफ करायचे, ग्रीस भरायचे, हळदीकुंकू वाहून झेंडूची माळ घालायचे. आणि मग दर दोन तासांनी हातांनी कूस बदलणं आलं. त्याला दोन माणसं लागत, म्हणून मी रजा काढून जायची. मी पायांकडे, भावजी डोक्याकडे. ते एक हात तिच्या मानेखाली घालत, दुसरा खांद्यामागे, आणि वळवताना तिचं तोंड क्षणभर त्यांच्या छातीशी येई. मला वाटायचं, काय कटकटीचा सण आहे... आदल्या दिवशी ती मीनूकडून केस धुऊन घ्यायची. सकाळी पावडर लावून घ्यायची, ती चौकातली मोतिया साडी अंगावर पांघरून घ्यायची. पहिल्या वर्षी मी चिडवलं, "कुणाचं लग्न आहे गं?" तर म्हणाली, "मूर्ख आहेस. खांद्याखाली मला काही कळत नाही, पण गालाला कळतं ना. वर्षातून एकदा ह्यांची दाढी टोचते मला." तिनं मला इतकं स्पष्ट सांगितलं होतं. माझ्याकडे न समजल्याची सबबसुद्धा नाही.

तिसऱ्या खंडेनवमीला, दुपारी चारच्या पाळीला, माझ्या कमरेत चमक भरली. मी कंबर धरून खुर्चीत बसले आणि थट्टेनं म्हटलं, "भावजी, मोडले मी. पुढच्या वर्षी तुमच्या त्या पलंगाला सुट्टी देऊ नका बाई. काहीतरी सोय करा." ताईसुद्धा हसली. भावजी हसले नाहीत. थट्टा हा प्रकार त्यांना ठाऊकच नाही. त्यांच्यापुढे कुणी तक्रार केली की ते काम होतं. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी कॅलेंडरवर काहीतरी टिपलं. मी काय टिपलं ते बघायलाही उठले नाही.

पुढच्या वर्षी मी नेहमीसारखी सकाळी पोचले. ताईचे केस धुतलेले, पावडर लावलेली, मोतिया साडी पांघरलेली. पलंगाच्या पायथ्याशी मोटरला हळदीकुंकू, झेंडूची माळ... आणि पट्ट्या खाली-वर होत होत्या. भावजींनी चौकटीच्या दुसऱ्या बाजूला दुसरी मोटर बसवली होती. एकीची पूजा करायची, दुसरी चालू. रीतही पाळली जाते आणि काम थांबत नाही. ते इतके खूश होते, की मला हात धरून दाखवत होते. ताईनं विचारलं, "कुंदा, दिवाणावर कधी हलवताय मला?"

"आता हलवायचं कारणच नाही!" भावजी म्हणाले. "सूचना कुंदाचीच. गेल्या वर्षी तिची कंबर गेली होती ना."

ताईनं मान माझ्या बाजूला वळवली. मग "अच्छा," म्हणाली. आणि थोड्या वेळानं, अगदी गोड आवाजात, "आता बरी आहे ना गं कंबर?"

दिवसभर तिनं मला एकही शिवी दिली नाही. श्रीखंड भरवलं तेवढं खाल्लं. मीनूनं स्वयंपाकघरात मला गाठून म्हटलं, "मौसी, बाबा को बोलो न. मम्मी सुबह से तैयार होकर लेटी हैं." मी म्हटलं, बोलते. संध्याकाळी निघताना ताईनं मला जवळ बोलावलं. चार वर्षांत तिनं कुणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. "कुंदा, सांग ना ह्यांना. तासभरच बंद करा म्हणावं. मी सांगितलं तर पट्टी कुठे टोचतेय ते शोधत बसतील. तुझं ऐकतील." मी म्हटलं, सांगते. बाहेर व्हरांड्यात भावजी शेजाऱ्याला दुसरी मोटर दाखवत होते, त्यांचा चेहरा असा उजळलेला... आणि मला टेम्पो चुकवायचा नव्हता. पुढच्या रविवारी सांगू, म्हणून मी निघाले. पुढच्या रविवारी बँकेचं काम निघालं. त्यापुढच्या रविवारी गेले, तर तिनं विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. खरं कारण सांगते, तिनं विसरावं असंच मला वाटत होतं. भावजींना सांगायचं म्हणजे माझंच चुकलं हे आधी कबूल करावं लागणार होतं.

ती विसरली नव्हती. फक्त बोलेनाशी झाली. सवत वगैरे सगळं बंद. विचारलं तर "ठीक आहे," वाढलं तर दोन घास. डिसेंबरात खोकला धरला, पण खोकायलाही अंगात बळ लागतं. डॉक्टर घरी आले, छाती तपासली आणि म्हणाले, कफ दोन्ही बाजूंना साठलाय. मग सहज विचारलं, "करवट तो दिलाते थे न? दाएँ-बाएँ?" भावजी अभिमानानं म्हणाले, "ज़रूरत ही नहीं पड़ती थी, डॉक्टर साहब." डॉक्टरनं पलंगाकडे पाहिलं, भावजींकडे पाहिलं, आणि औषध लिहून दिलं. कूस बदलत राहिली तर छातीत कफ साचून राहत नाही, पण पाठ वाचवण्याच्या नादात छातीचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. भावजींना ते अजूनही कळलेलं नाही. मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. मला कळलंय, तेवढं पुष्कळ आहे. चौथ्या दिवशी ती गेली. आंघोळ घालायला गल्लीतल्या बायका आल्या, त्यांनी तिला या कुशीवरून त्या कुशीवर किती वेळा वळवलं. इतके हात तिला चार वर्षांत लागले नव्हते.

गेल्या रविवारी मी सरोजिनी नगरला गेले होते. एका नर्सिंग होमनं पलंग मागितलाय. द्यायच्या आधी भावजींना चाचणी घ्यायची होती. "पोत्यांनी नीट कळत नाही, माणूस लागतो," ते म्हणाले. "तुझं आणि सुमनचं वजन जवळपास सारखंच. वीस मिनिटं पड." मी पडले. नाही म्हणायचा मला कुठला अधिकार होता? मोटर सुरू झाली, खांद्यांखालच्या पट्ट्या वर आल्या, आणि खोटं कशाला बोलू, आरामच वाटला. मी हात-पाय मुद्दाम हलवले नाहीत. वर छत, हिवाळ्यासाठी वर्तमानपत्रात गुंडाळलेला पंखा. मान डावीकडे वळवली तर कठडा. उजवीकडे वळवली तर कठडा. खोली नाही, दार नाही, माणूस नाही. चार वर्षं मी या कठड्यापाशी खुर्ची टाकून चहा पीत बसायची आणि मला वाटायचं, मी ताईजवळ बसलेय. तिला माझा आवाज तेवढा ऐकू येत असणार. भावजी पायथ्याशी स्विचपाशी घड्याळ बघत उभे होते, पण तेही दिसत नव्हते. पट्ट्या एकदा वर गेल्या, एकदा खाली आल्या. अचानक मला तिथे राहवेना.

"भावजी, जरा इकडे या ना," मी म्हटलं.

"का? पट्टी टोचतेय?"

"नाही. काही नाही. नुसते या."

"मग बोल की," स्विचपाशी उभे राहूनच ते म्हणाले. "इथून ऐकू येतंय मला."